न्यू इंग्लंडमधील १८व्या शतकातील स्त्रियांच्या कपड्यांवरचे क्रूएल भरतकाम: किनार, टाका आणि रंग यांविषयी काही शंका

सुईदोरा:

नमस्कार. लोकरीच्या धाग्याचे भरतकाम मी बरीच वर्षे करते आहे आणि अलीकडे अमेरिकेतील वसाहतकाळातल्या, त्यातही न्यू इंग्लंडमधल्या म्हणजे ईशान्येकडच्या ब्रिटिश वसाहतींतल्या, क्रूएल कामाचा जमेल तसा अभ्यास सुरू केला आहे. दोन पदरी, पीळदार लोकरीच्या धाग्याने लिननवर किंवा फस्टियनवर (लिनन आणि सूत मिळून विणलेल्या कापडावर) केलेले भरतकाम म्हणजे क्रूएल, हे येथील जाणकारांना सांगायला नको. पलंगाच्या पडद्यांवर आणि पलंगपोसांवर केलेल्या या कामाविषयी पुष्कळ लिहिलेले सापडते. स्त्रियांच्या अंगावरच्या कपड्यांविषयी मात्र तुटक उल्लेखांपलीकडे फारसे हाती लागत नाही. म्हणून संग्रहालयांनी प्रसिद्ध केलेली छायाचित्रे मोठी करून पाहत बसते, आणि त्यातूनच पुढील शंका निघाल्या आहेत.

पहिली शंका घागऱ्याविषयी. त्या काळच्या पेटीकोटवर भरतकाम असते ते केवळ तळाच्या पट्टीत. तिच्या वरचा सगळा कपडा कोरा. एवढी हौस होती तर ती किनारीपाशीच का थांबावी? शिवाय संग्रहालयांत अखंड घागरे थोडे आणि नुसत्या कापून ठेवलेल्या किनारी पुष्कळ दिसतात. या किनारी मुळापासून सुट्या होत्या, की नंतर कापल्या गेल्या?

दुसरी शंका टाक्याविषयी. वसाहतीतल्या स्त्रियांकडे लोकर कमी होती, म्हणून त्यांनी धागा वाचवणारा टाका वापरला आणि नक्षीही विरळ ठेवली, असे विधान जवळजवळ प्रत्येक ठिकाणी वाचायला मिळते. इतक्या एकमुखाने सांगितलेल्या गोष्टीविषयी थोडा संशय येतोच. प्रत्यक्षात हा टाका धागा वाचवतो का, आणि वाचवत असेल तर किती?

तिसरी शंका रंगाची आहे. अनेक नमुन्यांत पाने निळी किंवा निळसर आहेत. वसाहतकाळातले अस्सल काम निळे-पांढरेच असायचे, असे मला एकीने ठामपणे सांगितले. पण त्याच नमुन्यांत गुलाबी, तपकिरी आणि पिवळट फुलेही दिसतात, तेव्हा ते पटत नाही. हे सगळे नीट समजून घेऊन आधी कमरेला बांधायचा एक खिसा आणि तो जमल्यास घागऱ्याची पूर्ण किनार करण्याचा विचार आहे.

ताणाबाणा:

किनारीविषयीच्या तुमच्या प्रश्नाचे उत्तर भरतकामापेक्षा कपड्याच्या बेतण्यात आहे, म्हणून तेथून सुरुवात करतो.

१८व्या शतकाच्या मध्याला स्त्रियांचा गाउन पुढून उघडा असे. वर छातीशी त्याची दोन टोके मिळत नसत आणि मधल्या जागेत स्टमकर हा त्रिकोणी तुकडा बसवला जाई. कमरेखालीही गाउनचे दोन्ही पदर बाजूला होत आणि मधून पेटीकोट दिसे. हा पेटीकोट आत लपवायचा कपडा नव्हता, तो पोशाखाचा दर्शनी भाग होता. तरीही त्याचा मागचा आणि बाजूंचा बराचसा भाग गाउनखाली झाकलेला राही, आणि वरचा भाग कमरेशी घट्ट चुण्यांत गोळा केलेला असे. चुण्यांच्या जागी लोकरीचे भरतकाम केले तर कमरेला नुसता गठ्ठा होईल आणि नक्षी घडीत गडप होईल. घेर पूर्ण उलगडतो तो तळाशीच. घरातल्या कामासाठी गाउनचे पदर वर खोचले किंवा आखूड झगा घातला, की तळाची पट्टी चहूबाजूंनी दिसते. तेव्हा हौस किनारीपाशी थांबली असे म्हणण्यापेक्षा जेथे दिसेल तेथे ती खर्च केली असे म्हणणे अधिक योग्य.

पट्टीची उंची साधारणपणे ६ ते १२ इंचांच्या आसपास आढळते आणि लांबी घेराइतकी, म्हणजे अडीच-तीन यार्ड. हातमागावरच्या कापडाचा पन्हा लहान असल्यामुळे एवढ्या घेरासाठी कापडाचे दोन-तीन पाट जोडावे लागत. लांबच लांब आणि अरुंद अशा या जागेत पडद्यावरचा उंच वृक्ष बसत नाही. पलंगाच्या पडद्यावर मोठ्या वळणदार पानांचे झाड खालपासून वर चढते, तर घागऱ्याच्या किनारीवर तीच कल्पना आडवी होऊन वेल बनते किंवा तिची जागा एखादा देखावा घेतो. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात अशा किनारींचा चांगला साठा आहे. त्यांतल्या देखाव्यांत लहान लहान उंचवट्यांच्या टेकड्या, त्यांवर झाडे, पळणारी हरणे, मेंढ्या, घरे आणि मधूनच एखादा पक्षी दिसतो. हा पक्षी आकाराने शेजारच्या मेंढीएवढाही असू शकतो, आणि भरणारीला त्याचे काहीच वावगे वाटलेले दिसत नाही. मला स्वतःला या बेपर्वाईत जी मजा वाटते ती मोजूनमापून काढलेल्या नक्षीत वाटत नाही.

अशा किनारी घागऱ्यावरच असत याचा एक सुंदर पुरावा चोरीच्या जाहिरातीत मिळतो. १७४९ साली बोस्टनच्या एका वृत्तपत्रात अंगणातून चोरीला गेलेल्या घागऱ्याची जाहिरात आली होती. तो फस्टियनचा होता, त्याला मोठी भरलेली किनार होती आणि तिच्यावर हरणे, मेंढ्या, घरे आणि रान काढलेले होते, असे वर्णन तिच्यात आहे. म्हणजे वाळत घातलेला घागरा चोरण्याजोगा मौल्यवान होता आणि किनारीवरून तो ओळखता येईल अशी मालकाची खात्री होती. कोणत्याही दोन किनारी सारख्या नसत, हे त्यातून आपोआप कळते.

सुट्या किनारी बहुतांशी नंतर कापलेल्या आहेत. कापड महाग होते. घागरा विरला किंवा फॅशन बदलली की वरचे कोरे कापड दुसऱ्या कशाला तरी वापरले जाई आणि भरलेली पट्टी आठवण म्हणून जपली जाई. कोऱ्या लिननची कोणाला आठवण राहणार? त्यामुळे आज आपल्याला भरतकाम दिसते, पण ते ज्या कपड्यावर होते तो दिसत नाही, आणि मग तुमच्यासारखा प्रश्न पडतो.

उलटीबाजू:

टाक्याविषयी मी लिहिते, कारण हा टाका मी मुद्दाम सुटा करून, धागा मोजून पाहिला आहे.

ज्याला न्यू इंग्लंडचा आडवा बांधीव टाका म्हणता येईल तो रोमानियन टाक्याचाच भाऊबंद आहे. पानाच्या डाव्या काठावर सुई वर काढायची, धागा पानाच्या पूर्ण रुंदीवर आडवा टाकायचा आणि उजव्या काठावर सुई खाली न्यायची. आता सॅटिन टाक्यात, म्हणजे शेजारी शेजारी समांतर धागे टाकून जागा भरणाऱ्या नेहमीच्या टाक्यात, हाच धागा कापडाच्या मागून पुन्हा डाव्या काठाकडे जातो. येथे तसे होत नाही. उजव्या काठाच्या किंचित आतून सुई लगेच वर येते, नुकत्याच टाकलेल्या धाग्याला ओलांडून एक लांब तिरका टाका घेत डावीकडे परतते, डाव्या काठाच्या थोडे अलीकडे खाली जाते आणि पुढच्या फेरीसाठी डाव्या काठावर वर येते. कापड उलटून पाहिले तर मागे दोन काठांलगत बारीक बारीक टाक्यांच्या दोन रांगा दिसतात; मधली जागा जवळजवळ कोरी असते. जुना नमुना ओळखताना त्याची पाठ पाहावी असे म्हणतात ते याचसाठी.

आता हिशेब पाहा. पानाची रुंदी एक धरली तर सॅटिन टाक्याच्या एका फेरीला दोन रुंदी धागा लागतो, एक पुढे आणि एक मागे. बांधीव टाक्याच्या एका फेरीलाही दोनच रुंदी लागतो, कारण सुई उजवीकडे जाते आणि डावीकडे परत येते, मग ती वरून येवो की खालून. फेरीगणिक धागा वाचतो ही समजूत त्यामुळे चुकीची आहे. फरक असा की बांधीव टाक्यात परतीचा धागाही बहुतेक वरच राहतो आणि तोही जागा भरतो. एका फेरीने जवळजवळ दुप्पट जागा झाकली जात असल्यामुळे फेऱ्यांमध्ये अंतर जास्त ठेवता येते आणि पूर्ण पान भरायला फेऱ्या कमी लागतात. बचत होते ती तेथे. लहान पानात ती जाणवतही नाही. रुंद पाकळीत मात्र धाग्याची गुंडी किती उरली यावरून लगेच कळते.

खरोखर काटकसरी टाका वेगळाच आहे. त्यात धागा रुंदीभर टाकून उजव्या काठावर कापडाचा केवळ एखादा-दुसरा तंतू सुईवर घ्यायचा, मग धागा तसाच वरून परत आणून डाव्या काठावर पुन्हा एखादा तंतू उचलायचा. मागे फक्त ठिपके राहतात. पण हा टाका मोकळा असतो. वापरातल्या कपड्यावर, विशेषतः रुंद आकारात, तो बोटात किंवा बुटाच्या टाचेत अडकून ओढला जाईल. बांधीव टाक्यातला तिरका धागा आडव्या धाग्याला दाबून धरतो. चालताना सतत घोट्यांशी आपटणाऱ्या किनारीसाठी हा गुण धागा वाचवण्यापेक्षा महत्त्वाचा असला पाहिजे, असे मला भरताना वाटत राहिले.

सगळे काम याच एका टाक्यात नसे, हेही सांगायला हवे. देठांना दांडीटाका, बारीक फांद्यांना साखळीटाका, फुलांच्या मध्यभागी गाठीटाका आणि मोठ्या पाकळ्यांच्या छटांसाठी लांब-आखूड टाका अशी सरमिसळ एकाच पट्टीत दिसते. छटा करतानाही तीन-चार रंगांवर भागवलेले असते.

जुनीकात्रणे:

वरचा हिशेब फार उपयोगी आहे; त्याला थोडी इतिहासाची जोड देतो, कारण 'लोकर कमी होती म्हणून' या वाक्यावर सगळा डोलारा उभा करण्याला माझा आक्षेप आहे.

या वाक्याच्या समर्थनार्थ १६९९ च्या लोकर कायद्याचा दाखला दिला जातो. त्या कायद्याने इंग्लंडच्या संसदेने वसाहतींना लोकर, लोकरीचे सूत आणि लोकरीचे कापड जहाजाने बाहेर पाठवण्यास, अगदी शेजारच्या वसाहतीत नेऊन विकण्यासही, बंदी केली. हेतू इंग्लंडमधल्या विणकरांची बाजारपेठ राखण्याचा होता. पण घरच्या मेंढीची लोकर घरी कातून घरी वापरायला त्यात मनाई नव्हती. आणि इंग्लंडला आपला लोकरीचा माल वसाहतीत विकायचाच होता, त्यामुळे इंग्लिश क्रूएल धागा बोस्टनच्या दुकानात उघडपणे मिळत असे. १७३८ साली सुसॅना कॉन्डी या बोस्टनमधील शिक्षिकेने वृत्तपत्रात जी जाहिरात दिली, तिच्यात लंडनच्या नमुन्यांवरून पण तिने स्वतः काढलेल्या आणि म्हणून इंग्लिश रेखाटनापेक्षा पुष्कळ स्वस्त असलेल्या नक्ष्या, कॅनव्हास, रेशीम, सर्व प्रकारचे क्रूएल धागे आणि उत्तम व्हाइटचॅपेल सुया विकायला असल्याचे सांगितले आहे. शहरातल्या सधन घरातील मुलीला धागा मिळत नव्हता असे ही जाहिरात वाचून म्हणता येत नाही. धागा पैसे मोजून घ्यावा लागे, एवढेच. विकतचा धागा जपून वापरणे आणि धागाच नसणे या अगदी निराळ्या गोष्टी आहेत.

दुसरी अडचण तुलनेची. न्यू इंग्लंडचे काम विरळ आणि हलके आहे हे दाखवताना त्याच्याशेजारी इंग्लंडमधले १७व्या शतकातले जड पडदे ठेवले जातात, ज्यांत एकेक पान वीतभर मोठे आणि पूर्ण भरीव असते. मात्र हे घागरे १८व्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या चरणातले आहेत आणि तोपर्यंत इंग्लंडमधली रुचीही हलक्या, मोकळ्या नक्षीकडे वळली होती. आजीच्या काळातल्या पडद्याशी नातीच्या घागऱ्याची तुलना करून देशादेशातला फरक सिद्ध होत नाही. फरक आहेच, पण तो सगळाच्या सगळा टंचाईच्या खात्यावर मांडू नये.

या मोकळ्या नक्षीमागे आणखी एक धागा आहे आणि तो आपल्याकडून जातो. कोरोमंडल किनाऱ्यावर रंगवलेली सुती छींट १७व्या शतकापासून इंग्लंडमध्ये जात होती. इंग्लंडहून नक्षीचे नमुने तेथे पाठवले जात आणि तेथल्या चित्रकारांच्या हातून ते बदलून परत येत. टेकडीवरून उगवणारे, नाना प्रकारची फुले एकाच खोडावर धरणारे झाड अशा देवघेवीतून घडले. १७२१ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये अशा छिटांच्या वापरावर बंदी आली, तरी वसाहतींना पाठवण्यासाठी ती खुली होती. त्यामुळे बोस्टनच्या स्त्रिया जी छींट उजळ माथ्याने वापरू शकत होत्या ती लंडनच्या स्त्रियांना कायद्याने वर्ज्य होती. छिटेवर पांढरी जमीन भरपूर मोकळी असते. भरणारीच्या डोळ्यांपुढे अशा छिटा असतील तर कोरे लिनन तिला उणीव वाटले नसेल.

शेवटी, कपड्यावरचे सगळेच भरतकाम क्रूएल नसे याचीही नोंद घ्यावी. बोस्टनच्या एलिझाबेथ बुलचा विवाहाचा पोशाख प्रसिद्ध आहे. शाळकरी वयात तिने त्याचे भरतकाम सुरू केले आणि १७३५ साली तेथल्या किंग्ज चॅपेल या चर्चचे धर्मगुरू रॉजर प्राइस यांच्याशी तिचा विवाह झाला. काम मात्र शेवटपर्यंत पूर्ण झाले नाही. तो पोशाख रेशमी कापडावर रेशमी धाग्याने भरलेला आहे. ज्या घरांना परवडे त्यांच्या समारंभाच्या कपड्याला रेशीम, आणि लोकर मुख्यतः लिनन-फस्टियनच्या कपड्यांना, असा ढोबळ भेद दिसतो. क्रूएलची किनार गरिबीची खूण नव्हती, पण ती दरबारी थाटाचीही नव्हती.

सुईदोरा:

सर्वांचे आभार. उलटीबाजू यांचा हिशेब वाचून मी लगेच एक पान दोन्ही टाक्यांनी भरून पाहिले आणि मागच्या बाजूतला फरक खरोखर डोळ्यांत भरतो. जुनीकात्रणे यांचा मुद्दा मान्य आहे, तरी एक शंका उरते: बोस्टनमध्ये धागा मिळत होता, हे मान्य केले तरी कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यातल्या किंवा किनाऱ्यापासून दूरच्या गावांत स्थिती तशीच असेल का? आणि रंगाचा प्रश्न तसाच राहिला आहे. शिवाय नक्षी कापडावर उतरवण्याची त्या काळची पद्धत कोणती, हेही कोणी सांगितल्यास बरे होईल.

जुनीकात्रणे:

नाही, तशीच नसणार. तुमची शंका रास्त आहे. आतल्या गावांत घरच्या कातणीवर जास्त भिस्त होती आणि १७६७ मध्ये ब्रिटनने वसाहतींतल्या आयातीवर लावलेल्या टाउनशेंड करांनंतर ब्रिटिश मालावर बहिष्कार सुरू झाला, तेव्हा घरी कातणे हे तर देशाभिमानाचे लक्षण ठरले. न्यू इंग्लंडमध्ये स्त्रिया धर्मगुरूंच्या घरी एकत्र जमून दिवसभर चरखे चालवत. मात्र ज्या किनारींविषयी आपण बोलतो आहोत त्यांतल्या बऱ्याचशा बहिष्काराच्या आधीच्या आहेत. म्हणून प्रत्येक नमुन्याचे गाव आणि काळ पाहूनच बोलावे, एवढेच माझे म्हणणे.

रंगारी:

निळ्या पानांचे उत्तर रसायनात आहे. त्या काळी हिरवा रंग एका द्रव्यातून मिळत नसे. लोकर आधी पिवळी रंगवून मग निळीत बुडवत किंवा आधी निळी करून वर पिवळा रंग चढवत. निळीचा रंग टिकाऊ असतो. वेल्ड किंवा तत्सम वनस्पतींपासून काढलेला पिवळा मात्र उजेडात हळूहळू उडून जातो. पिवळा गेला की खाली उरते ती नीळ. छायाचित्रांत दिसणारी निळसर पाने कित्येकदा मुळात हिरवी होती, आणि याची खातरजमा करायची असेल तर तीच पाठ पाहावी; जेथे उजेड पोचलेला नाही तेथे हिरवा शिल्लक असतो. एखाद्या संग्रहालयाने पाठीचे छायाचित्र दिले असेल तर ते पुढच्या बाजूशेजारी ठेवून पाहा. दोन वेगळ्या कपड्यांकडे पाहतो आहोत असे वाटण्याइतका फरक असू शकतो. गुलाबी आणि लाल छटा कोचिनील किड्यापासून किंवा मॅडरच्या मुळापासून येतात. त्या पिवळ्यापेक्षा बऱ्या टिकतात, म्हणून तुमच्या नमुन्यांत फुले अजून गुलाबी आणि पाने निळी झालेली आहेत.

निळीला घरगुती रंगकामात मोठे स्थान होते हे मात्र खरे. ती कॅरिबियन बेटांतून येई आणि १७४०च्या दशकात एलायझा ल्युकस या मळा सांभाळणाऱ्या तरुणीच्या प्रयोगांनंतर दक्षिण कॅरोलिनातही तिचे पीक उभे राहिले. निळीचे मडके घरात ठेवता येई; साठवलेल्या मूत्रात ती विरघळवून लोकर बुडवत, आणि वास सोडला तर ही पद्धत सोपी व भरवशाची होती. भांड्यातून निघताना लोकर हिरवट-पिवळी दिसते आणि हवा लागताच काही क्षणांत निळी होते. एकाच मडक्यातून कमीजास्त वेळा बुडवून फिक्यापासून गडदपर्यंत चार-पाच छटा मिळत असल्यामुळे केवळ निळ्या रंगात केलेले कामही त्या काळात झाले, यात शंका नाही. पण ते अनेक प्रकारांपैकी एक होते.

निळे-पांढरे म्हणजेच वसाहतकाळ ही समजूत बरीच नंतरची आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या डीअरफील्ड गावात १८९६ साली मार्गारेट व्हायटिंग आणि एलन मिलर या दोघींनी निळ्या-पांढऱ्या भरतकामाची एक संस्था काढली. गावातल्या जुन्या घरांतले १८व्या शतकातले नमुने उतरवून घेऊन त्यांनी गावातल्या स्त्रियांकडून नवे काम करून घेतले आणि ते विकले. संस्थेची खूण म्हणून प्रत्येक कामावर चरख्याच्या आकृतीत 'डी' हे अक्षर भरलेले असे. त्यांनी लोकरीऐवजी लिननचा धागा घेतला, कारण लोकरीला कसर लागते आणि जुन्या कामाची कसरीने केलेली चाळण त्यांनी पाहिली होती. काम उत्तम दर्जाचे होते आणि १९२६ पर्यंत संस्था चालली. पण ते पुनरुज्जीवन आहे. तुम्हाला ज्या बाईंनी सांगितले त्यांच्या मनात बहुधा डीअरफील्डचे काम असावे. तुमचा खिसा १७५० च्या आसपासचा वाटावा अशी इच्छा असेल तर लोकरीचाच धागा घ्या आणि पाने हिरवीच करा. रंग उडालेल्या कपड्याची नक्कल करायची की तो नवा असताना कसा होता त्याची, हे आधी ठरवा. दोन्ही चालेल, पण पाने उडालेल्या निळ्या रंगाची आणि फुले ताज्या लाल रंगाची असे मिश्रण करू नका.

उलटीबाजू:

नक्षी उतरवण्याविषयी सांगते. कागदावर काढलेल्या खाक्याच्या रेषांवर सुईने जवळजवळ छिद्रे पाडत, तो कागद कापडावर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर थोपटत, आणि कागद उचलल्यावर उमटलेले ठिपके शाईने जोडून घेत. हात बसलेली स्त्री थेट शाईनेच काढत असे. जेथे लोकर कसरीने खाल्ली आहे तेथे शाईची रेषा उघडी पडलेली अनेक नमुन्यांत दिसते, आणि कधी कधी भरणारीने ती रेषा सोडून आपल्या मनाने पान लहान-मोठे केल्याचेही ध्यानात येते. तुम्हीही रेषेला फार बांधून घेऊ नका. हरणाचा चौथा पाय टेकडीमागे गेला तर जाऊ द्या.

ताणाबाणा:

खिशाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे जोडतो. हा खिसा कपड्याला शिवलेला नसे. तो वर अरुंद आणि खाली गोलसर असा, फूट-सव्वा फूट लांबीचा स्वतंत्र पिशवीवजा तुकडा असून नाडीने कमरेला, घागऱ्याच्या आत, बांधला जाई. कधी एक, कधी दोन्ही बाजूंना दोन. घागऱ्याच्या आणि गाउनच्या बाजूच्या शिवणीत ठेवलेल्या फटीतून हात आत घालायचा. पुढच्या बाजूला मधोमध उभी चीर असते. भरतकाम केवळ पुढच्या तुकड्यावर, मागचा तुकडा साध्या लिननचा. बाहेरून न दिसणाऱ्या वस्तूवर इतकी मेहनत का घेतली असेल याची नाना उत्तरे दिली जातात. मला वाटते की खिसा लहान असतो, लवकर पुरा होतो आणि भेट द्यायला सोयीचा असतो, एवढी कारणे पुरेशी आहेत. नवशिक्या मुलीला घागऱ्याची तीन यार्ड किनार द्यायच्या आधी खिसाच दिला जाणार. तुम्ही नकळत तोच क्रम धरला आहे.

करताना चीर कापायची घाई करू नका. आधी चिरेची रेषा आखा, तिच्या दोन्ही बाजूंना नक्षी भरा आणि भरून झाल्यावर चीर पाडून तिला नवारीने किंवा कापडाच्या अरुंद पट्टीने गोठ घाला. आधी चीर पाडली तर कापड चौकटीत ताणले जात नाही आणि चिरेच्या टोकाशी फाटत जाते. त्या टोकाशी दोन-तीन आडवे मजबूत टाके जरूर घाला, कारण हात आत-बाहेर होताना सगळा ताण तेथेच येतो. खिशाच्या कडेलाही तसाच गोठ येतो, तेव्हा नक्षी कडेपासून अर्धा इंच आत ठेवा. नाहीतर बाहेरची पाने शिवणीत जातील.

किनारीच्या वेळी घागऱ्याचे पाट जोडून घ्या, पण एक बाजूची शिवण उघडी ठेवा, म्हणजे कापड सपाट राहील. तळाच्या दुमडीसाठी जागा सोडून मगच नक्षीची खालची रेषा आखा. कापड आधी धुऊन आकसू द्या. लिनन आणि लोकर पाण्यात सारखी वागत नाहीत आणि कापड नंतर आकसले तर भरलेली किनार फुगून उभी राहते. भरून झाल्यावर ती इस्त्रीखाली चेपू नका. ओलसर करून, टाचण्यांनी ताणून वाळवा. चुण्या आणि कमरेची नाडी सर्वांत शेवटी.

सुईदोरा:

चिरेच्या टोकाचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नसता. खिशासाठी फस्टियन शोधते आहे. ताणा लिननचा आणि बाणा सुताचा असलेले, तिरप्या विणीचे कापड आता सहज मिळत नाही. नुसते मध्यम जाडीचे लिनन घेतले तर चालेल का?

ताणाबाणा:

चालेल. लिननवर केलेले खिसेही भरपूर आहेत. फक्त वीण दाट असलेले घ्या. विरळ विणीत दोन पदरी लोकर ओढताना धागे सरकतात आणि पानांचे काठ दातेरी दिसतात. सुई मोठ्या नेढ्याची आणि टोकदार घ्या, बोथट नको. लोकर हातभर लांबीपेक्षा जास्त ओवू नका, कारण कापडातून वारंवार जाताना ती झिजून बारीक होते आणि शेवटची पाने पहिल्या पानांपेक्षा फिकी वाटतात.